चाललं ना? मग झालं!

इंजिनिअरिंगला गेलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ‘जीटी’ म्हणजे काय ते विचारा. आधी तो हसेल, मग सांगेल: ग्लास ट्रेसिंग. दोन स्टुलांवर खिडकीची काच आडवी टाकायची, खाली ट्यूबलाइट पेटवायची, काचेवर सीनियरची सही झालेली ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि उजेडात दिसतील त्या रेषा पेन्सिलीने गिरवत सुटायचे. एका रात्रीत सबंध सबमिशन. हॉस्टेलच्या आठवणी निघाल्या की जीटीची गोष्ट निघतेच, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात पश्चात्ताप शोधूनही सापडत नाही. मीही जीटी मारली आहे. माझ्या सीनियरच्या शीटवर चहाच्या कपाचा डाग पडला होता. त्या डागाची कड मी अर्धवर्तुळाकार रेष समजून इमानाने गिरवली. सरांनी त्या शीटवर सही केली.

आज मी दुसऱ्यांनी बनवलेली मोबाइल ॲप्स तपासून देतो. पोटापाण्याचा उद्योग आहे. गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावच्या पतसंस्थेचे ॲप माझ्याकडे आले. खाते पाहणे, पैसे पाठवणे, कर्जाचा हप्ता भरणे, सगळे त्यात होते. बनवणारा मुलगा चोवीस-पंचवीस वर्षांचा, एका छोट्या कंपनीत नोकरीला, कामसू आणि विनम्र. ॲप चालत होते. मी आतली फाइल उघडली आणि तिथे तो चहाचा डाग मला पुन्हा दिसला.

तो नेमका काय होता ते समजावून सांगतो. ॲप जेव्हा पतसंस्थेच्या सर्व्हरशी बोलते तेव्हा सर्व्हर आधी आपले प्रमाणपत्र दाखवतो. ते खरे की खोटे हे तपासणारा एक पहारेकरी अँड्रॉइडमध्ये आहे, त्याचे नाव ट्रस्टमॅनेजर. प्रमाणपत्रात खोट दिसली की त्याने आरडाओरडा करायचा, म्हणजे एक्सेप्शन फेकायचे, की संभाषण तिथेच तुटते. तो गप्प राहिला तर समोरचा खरा मानला जातो. या मुलाने अँड्रॉइडचा पहारेकरी हटवून आपला नेमला होता. त्या पहारेकऱ्याच्या तपासणीच्या फंक्शनमध्ये एक महिरपी कंस उघडत होता आणि लगेच दुसरा बंद होत होता. मध्ये काही नाही. त्याच्या खाली आणखी एक फंक्शन, सर्व्हरचे नाव जुळते का हे पाहणारे. ते कुठल्याही नावाला ‘ट्रू’ म्हणत होते. सगळ्या मिळून अकरा ओळी. आणि वर इंग्रजीत एक टीप: हे तात्पुरते आहे, प्रॉडक्शनला जाण्यापूर्वी काढावे.

मी विचारले, “ही टीप कधी लिहिलीस?”

तो म्हणाला, “सर, ती मी नाही लिहिली. ती कोडबरोबरच आली.”

त्याच्या कंपनीतल्या आधीच्या ॲपमधून ती फाइल आली होती. त्या ॲपमध्ये ती आणखी कुठून तरी आली होती. कुणा अनोळखी माणसाला कधीतरी आपल्या घरच्या मशीनवर चाचणी करताना या ओळी लागल्या असतील. त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले, की बाबांनो, हे काढून टाका. ती ताकीदही लोकांनी ओळींसकट उतरवून घेतली आणि ॲप बाजारात सोडले. एसटी स्टँडवरच्या किंवा लॉजवरच्या फुकट वायफायवर बसून एखाद्याने मध्येच आपले खोटे प्रमाणपत्र पुढे केले असते, तर पतसंस्थेच्या ॲपने त्याला सलाम ठोकून सभासदाचा पासवर्ड त्याच्या हातात दिला असता. सभासदाच्या स्क्रीनवर काहीच वेगळे दिसले नसते.

मूळ दुखणे काय होते तेही ऐका, म्हणजे या प्रकाराची खरी किंमत कळेल. सर्व्हरचे प्रमाणपत्र अस्सल होते. ते बसवणारा माणूस साखळीतला मधला दुवा, मधले प्रमाणपत्र, बसवायला विसरला होता. कॉम्प्युटरवरचे ब्राउझर तो दुवा बहुधा स्वतःच कुठून तरी मिळवतात, म्हणून तिथे सगळे ठीक दिसत होते. अँड्रॉइड तसे करत नाही. त्याने लाल अक्षरांत तक्रार केली. ती तक्रार शंभर टक्के खरी होती. मुलाने ती लाल ओळ पाहिली आणि कंपनीच्या आधीच्या ॲपमधली ती फाइल आणून चिकटवली. लाल अक्षरे गेली. चाललं.

जुन्या घरांत मीटरखाली पांढऱ्या चिनी मातीचे फ्यूज असत. घरातल्या वायरला झेपत नाही एवढा भार आला की फ्यूजमधली बारीक तार वितळायची आणि अंधार व्हायचा. दर दोन दिवसांनी फ्यूज जायला लागला की गल्लीतला एक हुशार माणूस यायचा आणि वायरचे तीन-चार पदर पिळून तिथे जाड तार घालायचा. मग फ्यूज कधीच जायचा नाही. त्याला चहा मिळायचा, कौतुक व्हायचे. भिंतीतली वायर आत तापत राहायची. आमच्या ॲप बनवणाऱ्यांच्या जगात या हुशार माणसाला आज चांगला पगार आहे.

हे एका गावाचे किंवा एका मुलाचे पाप नाही. २०१२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी अँड्रॉइडची १३,५०० फुकट ॲप्स तपासली. त्यांपैकी १,०७४ ॲप्समध्ये असा बिनकामाचा किंवा अर्धवट पहारेकरी असण्याची शक्यता दिसली. पुढे २०१७ मध्ये तिथल्याच दुसऱ्या एका गटाने १३ लाख ॲप्स चाळली. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरून उचललेले सुरक्षेसंबंधीचे कोड १५.४ टक्के ॲप्समध्ये सापडले, आणि त्या ॲप्सपैकी ९७.९ टक्क्यांत किमान एक तुकडा धोकादायक निघाला. शंभरात अठ्ठ्याण्णव! गूगलने २०१६ मध्ये असा कोरा पहारेकरी असलेली ॲप्स प्ले स्टोअरवर घ्यायचे बंद केले. मग लोक सुधारले असे वाटते का? गूगलची तपासणी चुकवणाऱ्या नव्या ओळी तयार झाल्या. नवा पहारेकरी प्रमाणपत्राची फक्त मुदत बघतो, ते कुणाचे आहे आणि कुणी दिले हे बघतच नाही. ओळखपत्राची तारीख बरोबर आहे ना, मग फोटो कुणाचा का असेना. या ओळींनाही लोकांनी धन्यवाद दिले.

लग्न जमवताना मुलाच्या मामाच्या गावापर्यंत चौकशी करणारा आपला समाज. कुळ काय, मूळ काय, देवक काय, घरात कुणाला काही आजार होता का. आणि ज्या कोडवर शेजाऱ्याच्या आयुष्याची पुंजी ठेवायची, ते कुठून आले, कुणी लिहिले, कशासाठी लिहिले, हे एकानेही विचारू नये! जिथून ते उचलले तिथल्या परवान्याची साधी अट असते, की मूळ लिहिणाऱ्याचे नाव द्या. लग्नपत्रिकेत चुलत काकांचे नाव राहिले तर वर्षभर अबोला धरणारे आपण, पण ज्याच्या ओळींवर बिल लावले त्याचे नाव कुठे लिहीत नाही.

माझ्या नजरेला पडलेले आणखी काही नमुने. अँड्रॉइड ३.० आले २०११ मध्ये. तेव्हापासून नियम आहे, की ज्या धाग्यावर, म्हणजे थ्रेडवर, स्क्रीन चालते त्याच धाग्यावर इंटरनेटची कामे करायची नाहीत. केलीत तर ॲप बंद पडते. उपाय सोपा आहे: काम मागच्या धाग्यावर न्या. त्याहून सोपी पळवाट दोन ओळींची आहे. स्ट्रिक्टमोड नावाच्या शिस्तीच्या मास्तरला सांगायचे, ‘परमिट ऑल’. सगळे माफ. हिंजवडीच्या ऑफिसातल्या वेगवान वायफायवर काही फरक दिसत नाही. फरक दिसतो तो डोंगराआडच्या पाड्यावर, जिथे झाडाखाली उभे राहिले तर एक काडी रेंज येते. तिथे स्क्रीन थिजते, बोटाला दाद देत नाही, आणि पाच-सहा सेकंदांनी फोन विचारतो, हे ॲप प्रतिसाद देत नाही, बंद करू का? रेशनसाठी, पीकविम्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी फॉर्म भरत असलेला माणूस मग स्वतःलाच दोष देतो. मलाच जमत नाही, म्हणतो.

परवानग्यांचेही तसेच. २०१५ साली अँड्रॉइड ६ आले आणि ॲपने प्रत्येक नाजूक गोष्ट, कॅमेरा, संपर्क, ठिकाण, वापरणाऱ्याला त्या त्या वेळी विचारून घ्यायची असे ठरले. माणसाला ‘नाही’ म्हणायचा हक्क मिळाला. त्यावरची पळवाट महिन्याभरात तोंडपाठ झाली होती: ॲप जुन्या आवृत्तीसाठीच आहे असे फाइलमध्ये लिहायचे, टार्गेट २२ ठेवायचे, म्हणजे सगळ्या परवानग्या इन्स्टॉल करतानाच एकगठ्ठा मिळतात. २०१८ मध्ये गूगलने ते दार बंद केले. तेव्हा दुसरी ओळ आली. माणूस ‘नाही’ म्हणाला की ‘फिनिश’, ॲप बंद. कर्ज पाहिजे ना? मग सगळ्या नातेवाइकांचे नंबर दे. त्या नंबरांचे पुढे काय झाले ते महाराष्ट्राने पाहिले आहे. वसुलीवाल्यांनी बायकोच्या माहेरी, पोराच्या मास्तरांना फोन केले, फोटो विद्रूप करून पाठवले, आणि माणसांनी जीव दिले. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्ये सुमारे ११०० कर्ज ॲप्सपैकी जवळपास ६०० बेकायदा आढळली, आणि सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संपर्कयादीला, कॉलच्या नोंदींना हात लावायचा नाही असे स्पष्ट लिहावे लागले. संपर्कयादी वाचणारा कोड दहा-पंधरा ओळींचा असतो. कुणीतरी शिकल्यासवरल्या माणसाने तो एका दुपारी बसवला, चालतो का पाहिला, आणि डबा खायला उठला. त्याला विचाराल तर तो म्हणेल, मी फक्त फीचर केले.

माझा राग आहे तो या ‘फक्त’ शब्दावर.

आपल्याकडचा जुना अन्याय कसा चालायचा ते आठवा. सोय वाड्यात, ओझे वेशीबाहेर. विहिरीचे पाणी कुणी काढायचे आणि मेलेले जनावर कुणी ओढायचे, हे ज्यांना सोयीचे होते त्यांनी ठरवले, आणि ज्यांना सोसायचे होते ते त्या बैठकीला नव्हते. कोडमधल्या पळवाटेचा न्याय हाच आहे. वाचलेला अर्धा दिवस ऑफिसातल्या माणसाच्या खात्यात जमा होतो. नावे पडते ते स्वस्त फोनवाल्याच्या, अशक्त रेंजवाल्याच्या, इंग्रजी न येणाऱ्याच्या, डोळे नसलेल्याच्या. त्यांच्यापैकी कुणीही डेमोच्या दिवशी खोलीत बसलेले नसते.

इंग्रजी न येणाऱ्यांचे म्हटले म्हणून सांगतो. डिझाइनमध्ये मजकुराच्या वर-खाली जागा जास्त दिसते म्हणून ती फॉन्टची पट्टी कापायची एक ओळ आहे. इंग्रजीला काही होत नाही. मराठीचे रफार, मात्रा, उकार मात्र नेमके त्या पट्टीत राहतात. ती ओळ लावली की मृणालची मणाल होऊ शकते, पुण्याचा उकार तुटतो, वर्षाचा वष होतो. हे ज्याने केले तो मराठीच होता. त्याच्या फोनची भाषा इंग्रजी होती. मराठीत एकदाही उघडून पाहिले नव्हते. पाट्यांच्या भाषेवरून मात्र तो तावातावाने बोलतो.

आता मूळ प्रश्न. हा मुलगा असा घडला कुठे? अमेरिकेतून तर ही सवय आली नाही. आपणच त्याला घडवला. सातवीत गाईड दिले. दहावीला ‘एकवीस अपेक्षित’ दिले आणि सांगितले, एवढे कर, बाकी ऑप्शनला टाक. कॉलेजात प्रॅक्टिकल न करता जर्नल उतरवून घेऊ दिले. रीडिंग तीच, आलेखही तोच, चूकही तीच. बाहेरून आलेल्या परीक्षकाला स्टेशनवरून आणायचे, चांगले जेवण घालायचे, तो तोंडी परीक्षेत पोरांना त्रास देत नाही. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बांधलेल्या अहवालासकट विकत मिळतो, हे मुलाला माहीत, बापाला माहीत, प्राध्यापकाला माहीत. वर्गात एखाद्याने हात वर करून ‘हे असे का?’ विचारले तर ‘पोर्शन संपवायचाय’ हे उत्तर. मग मुलाला नोकरी लागते. पेढे वाटतात. येणारा-जाणारा विचारतो, पॅकेज किती? तू काय बनवतोस आणि ते कुणाच्या काय कामाचे आहे, हा प्रश्न मी आजवर एकाही काकांच्या तोंडून ऐकलेला नाही.

आणि पैसे मोजणारे? त्यांचीही हकीकत सांगितलीच पाहिजे, नाहीतर सगळा दोष त्या पोरावर जाईल. माझा अहवाल पतसंस्थेच्या संचालक मंडळापुढे ठेवला गेला. मी अकरा ओळींचे समजावून सांगितले. पहारेकरी, खोटे प्रमाणपत्र, सभासदांचे पैसे. सगळ्यांनी माना हलवल्या. एक संचालक म्हणाले, “पण आत्ता चालू आहे ना?” मी म्हणालो, चालू आहे. “मग झालं.” पुढचा विषय होता ॲप उघडताना पहिल्या स्क्रीनवर संस्थापकांचा फोटो घ्यायचा की विद्यमान अध्यक्षांचा, आणि दोन्ही घेतल्यास वर कोण. त्यावर एक तासाहून जास्त चर्चा झाली. एक सदस्य रुसून निघून गेले. माझ्या अहवालापुढे इतिवृत्तात एक ओळ आहे: अहवालाची नोंद घेण्यात आली.

मुलाच्या कंपनीतला मॅनेजर वेगळा नव्हता. शुक्रवारी डेमो आहे, एवढेच तो बोलतो. मंगळवारी विचारले तरी, गुरुवारी विचारले तरी. ज्या कामाला तीन महिने लागतात ते तीन आठवड्यांत मागायचे आणि सगळ्यात कमी रकमेची निविदा मंजूर करायची, मग आतमध्ये जाड तार नाही तर काय निघणार?

एक कबुली मीही देतो. माझ्या स्वतःच्या जुन्या कोडमध्ये रिकामे कॅच ब्लॉक होते. म्हणजे काही चुकले तर ते पकडायचे आणि पुढे काहीच करायचे नाही. चूक गिळून टाकायची. ॲप पडू नये म्हणून. एकदा एका दवाखान्याच्या नोंदींच्या ॲपमध्ये नोंद साठवताना चूक होत होती, माझा कॅच ती गिळत होता, आणि स्क्रीनवर ‘नोंद झाली’ असे हिरव्या रंगात येत होते. तीन दिवसांनी नर्सबाईंनी वही आणि ॲप शेजारी ठेवून मला दाखवले. त्यांनी वही बंद केली नव्हती म्हणून निभावले.

नक्कल करणे हे मुळात वाईट आहे असे मी म्हणत नाही. तांबट, सुतार, गवंडी, गवई, सगळे नक्कल करतच शिकले. आपल्याला जमलेली युक्ती अनोळखी माणसासाठी फुकट लिहून ठेवणे ही तर या क्षेत्रातली सगळ्यात उमदी रीत आहे. अँड्रियास लुंडब्लाड नावाच्या स्वीडिश प्रोग्रॅमरने २०१० मध्ये असाच जावाचा एक छोटा तुकडा लिहिला: फाइलचा आकार बाइट्समध्ये असतो, तो किलोबाइट, मेगाबाइट असा माणसाला वाचता येईल असा दाखवायचा. पुढे संशोधकांनी मोजले तेव्हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा तो सर्वांत जास्त उतरवला गेलेला जावाचा तुकडा निघाला, हजारो प्रकल्पांत पसरलेला. कुणीही त्यावर मिरवले असते. या माणसाने २०१९ मध्ये तो पुन्हा तपासला आणि स्वतःच जाहीर लिहिले, की माझ्या कोडमध्ये चूक आहे: ९,९९,९९९ बाइट्स दिले तर तो एक मेगाबाइट न दाखवता हजार किलोबाइट दाखवतो. मूळ जागी त्याने दुरुस्ती केली. एवढ्या हजारो जणांनी तो उतरवला, वापरला. नऊ वर्षांनी ही चूक जगापुढे मांडली ती मूळ लिहिणाऱ्यानेच. आणि उतरवलेल्या नकलांना त्याची दुरुस्ती आपोआप पोचत नाही, कारण त्या कुठून आल्या हे बहुतेकांनी लिहूनच ठेवलेले नाही.

प्रत्येक पळवाट पापच असते असेही नाही. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मागे चालणारी ॲप्स परस्पर मारून टाकतात. गोळ्यांची आठवण करून देणारे ॲप अशा फोनवर रात्री मरते आणि सकाळी रक्तदाबाची गोळी राहते. तिथे प्रत्येक कंपनीच्या सेटिंगचे पान शोधून वापरणाऱ्याला तिथपर्यंत नेणारा कोड लिहावा लागतो. तो कुरूप असतो, दर नव्या फोनला मोडतो. पण लिहिणारा शेजारी लिहून ठेवतो, की हे कुणासाठी, कशामुळे, आणि कधी काढता येईल. ही पळवाट वापरणाऱ्याचे ओझे स्वतःच्या डोक्यावर घेते. मी अशा माणसापुढे हात जोडतो.

आता उतरवायचे कष्टही राहिले नाहीत. यंत्रच कोड सुचवते. २०२१ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी कोपायलट नावाच्या अशाच यंत्राला सुरक्षेची कसोटी लागेल अशा प्रसंगांत कोड लिहायला लावला. १,६८९ प्रोग्रॅमपैकी सुमारे ४० टक्के असुरक्षित निघाले. त्यात नवल काय? आपल्या सगळ्यांच्या शीटवरच ते यंत्र शिकले आहे, चहाच्या डागांसकट. ताकीद झटकून टाकायची सवयही गेलेली नाही. गेल्या वर्षी एका सहकाऱ्याने फायरबेस नावाच्या सेवेवर माहितीसाठा उघडला. चाचणीपुरता तो सगळ्यांना खुला असतो आणि तीस दिवसांनी आपोआप बंद होतो, म्हणून ताकीद देणारी ईमेल आली. त्याने नियमातली तारीख बदलून २०९९ केली. अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये ‘टी’ नावाच्या, खास बायकांच्या सुरक्षिततेसाठी म्हणून काढलेल्या ॲपचा असाच उघडा साठा लोकांच्या हाती लागला. सुमारे ७२,००० चित्रे बाहेर गेली, त्यांत बायकांचे सेल्फी आणि ओळखपत्रे मिळून १३,००० होती.

माझ्या ओळखीचे एक सर आहेत. जन्मापासून दृष्टिहीन. दृष्टिहीन मुलांच्या शाळेत तीस वर्षे शिकवून निवृत्त झाले. फोन असा चालवतात की पाहत राहावे. पडदा वाचून दाखवणारा आवाज त्यांनी इतका जलद ठेवला आहे की मला एक शब्द कळत नाही. एकदा त्यांनी बिले भरण्याचे एक ॲप उघडून फोन माझ्या कानाशी धरला, आवाज मुद्दाम हळू करून. बोट सरकले: “लेबल नसलेले बटण.” पुन्हा सरकले: “लेबल नसलेले बटण.” आणखी एकदा, तेच. त्या तीनपैकी एक ‘भरा’ आहे, एक ‘तक्रार’ आणि एक ‘मागे’. सरांनी चाचपडून पाठ केले होते, की तिसरे बटण पैसे भरायचे. नव्या आवृत्तीत क्रम बदलला. तेव्हापासून शेजारची मुलगी येऊन त्यांचे बिल भरून देते. तिला त्यांना आपला पिन सांगावा लागतो.

“चांगली मुलगी आहे,” सर म्हणाले. “पण पिन सांगावा लागतो हो.”

चित्राच्या बटणाला नाव द्यायला एक ओळ लागते. नाव दिले नाही तर अँड्रॉइड स्टुडिओ पिवळ्या रंगात इशारा देतो. त्या इशाऱ्याचीही पळवाट आहे: नावाच्या जागी ‘नल’ लिहा, किंवा ‘इग्नोर’ म्हणा, पिवळे जाते. आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. तरीही केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून दाखवा, असे ॲसिड हल्ल्यात डोळे भाजलेल्या स्त्रीला सांगितले गेले. हे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितले, की डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बटणाला नाव द्या, एवढे कळायला देशातल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

पतसंस्थेचे सांगायचे राहिले. त्या मुलाने एका शनिवारी, मंडळाला न विचारता, सर्व्हरवाल्याला फोन केला. साखळीतला हरवलेला दुवा बसवायला चाळीस मिनिटे लागली. अकरा ओळी त्याने पुसल्या आणि मला स्क्रीनचा फोटो पाठवला. खाली लिहिले होते, “सर, आता त्याशिवाय चालतंय.”

हे वाचणारे जे कुणी ॲप बनवत असतील त्यांच्याकडे माझे एकच मागणे आहे. आज आपल्या फोनवर पडदा वाचणारा आवाज सुरू करा, डोळे मिटा, आणि स्वतः बनवलेल्या ॲपवरून एक बिल भरून दाखवा.

सरांचे बिल दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येते. शेजारची ती मुलगी आता सातवीत आहे, आणि येत्या जूनमध्ये ती शिकायला मामाकडे जाणार आहे.